बांधातले सात बोळे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नाव आता कोणाला सांगता येत नाही. त्यातल्या एका गावाची रीत मात्र लोकांच्या लक्षात राहिली, कारण तशी रीत दुसऱ्या कुठल्याच गावात नव्हती. नव्हती तेच बरं होतं.

रीत अशी होती : 'जो पाहील, तो निस्तरील.'

मुळात ही रीत वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कोणे एके काळी त्या गावच्या चावडीवर दिवसभर नुसती कुरकुर चालायची. रस्ता खचलाय, रहाट अडकतोय, देवळाची पायरी हललीय. बोलणारे पन्नास, उठणारा एक नाही. त्याला कंटाळून एका म्हाताऱ्या पाटलानं ठरवून दिलं की, यापुढे ज्याला मोडकं दिसेल त्यानंच ते नीट करायचं. नुसतं बोलून कोणी मोकळं व्हायचं नाही. आणि जो नीट करील त्याला शहाणपण शिकवायला कोणी जायचं नाही, त्याच्या कामात कोणी हात घालायचा नाही. गावानं माना डोलावल्या. पहिली चार-दोन वर्षं गाव कसं लखलखीत झालं.

पण माणसाची जात मोठी हुशार. कामातून सुटायची वाट तिला झोपेतसुद्धा सापडते. 'पाहील तो निस्तरील' ना? मग पाहायचंच नाही!

हळूहळू सगळं गाव खाली मान घालून चालायला लागलं. रहाटाची दोरी झिजली, की बायका डोळ्यांवर पदर ओढून पाणी भरायच्या. वाटेत खड्डा पडला, की माणसं आभाळाकडे बघत त्याला वळसा घालायची. बघत होती आभाळाकडे, पण वळसा कोणाचा चुकत नव्हता! एकदा एका पाहुण्यानं भाबडेपणानं म्हटलं, "तुमच्या देवळाची घंटा पडायला आलीय हो." लगेच त्याच्या हातात शिडी दिली. बिचारा घंटा बसवून जेवायलाही न थांबता निघून गेला. त्यानंतर त्या गावात पाहुणे येईनासे झाले. गावाला त्याचंही काही वाटलं नाही, कारण पाहुणे येत नाहीत हेसुद्धा कोणी पाहिलं नव्हतं.

अशा या गावात धुरपा नावाची एक बाई राहायची. बांबूच्या टोपल्या, सुपं, कणग्या विणायची. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. एकुलती एक लेक सगुणा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि आषाढात धुरपाच्या घरी पाळणा हलणार होता. धुरपाचं घर खालच्या आळीत होतं. आळीत आठ घरं, आणि आठही घरं तळ्याच्या मातीच्या बांधाखाली. वर तळं, मध्ये बांध, खाली माणसं.

धुरपाचा एकच दोष होता. तिला दिसायचं. विणणाऱ्याची नजर ती. बांबूची पातळ पट्टी म्हणजे बेत; एक बेत सुटला की टोपली जाते, हे हातांना माहीत असल्यामुळे तिचे डोळे सुटलेल्या ठिकाणीच जाऊन थांबायचे. देवळाची पायरी तिनं बसवली. रहाटाची दोरी तिनं दोनदा बदलली. तिठ्यावर मेलेलं कुत्रं चार दिवस पडलं होतं, ते तिनं ओढून नेऊन पुरलं. आणि गाव काय म्हणायचं? "धुरपाला हौसच आहे." रक्त आटवून केलेल्या कामाला हौस म्हणायचं, म्हणजे आभारही मानायला नकोत!

वैशाखातली सकाळ होती. धुरपा बांबू आणायला बांधाच्या पायथ्याच्या वाटेनं निघाली होती. ऊन असं, की सगळा बांध भाजून पिवळा पडला होता. आणि त्या पिवळ्या बांधावर, पायथ्यापासून हातभर उंचीवर, एका बाजेएवढ्या जागेत हिरवंगार गवत उभं होतं. गावातल्या धनगराच्या शेळ्या ते मटामटा खात होत्या. धनगर शेळ्यांकडे पाठ करून बसला होता.

"काय रे दादा," धुरपानं विचारलं, "वैशाखात हितं गवत कसलं?"

"कुठलं गवत?" धनगर म्हणाला.

"हे काय! तुझी शेळी खाती की."

"खात असंल काहीतरी. मी काय तिच्या तोंडात बघायला गेलो नाय."

धुरपानं बांबूचा कोयता खाली ठेवला आणि गवत बाजूला केलं. खाली माती ओली होती. ओल्या मातीत एक भोक होतं, घागरीच्या तोंडाएवढं, आणि त्या भोकात काहीतरी कोंबलेलं होतं. तिनं मान वर करून बांधाच्या माथ्याकडे पाहिलं. बरोबर त्या जागेवर माथ्याला एक बारीक चीर गेली होती.

आता उन्हाळा होता, तळ्यात कमरेइतकंच पाणी होतं, म्हणून हे नुसतं पाझरत होतं. आषाढात तळं काठोकाठ भरलं की हे भोक काही पाझरून थांबणार नव्हतं. आषाढातच सगुणा बाळंतीण होणार होती, आणि ती याच बांधाखाली निजणार होती.

'झालं,' ती मनाशी म्हणाली, 'पाहिलं आता.' आणि ती उलट पावली घरी गेली, कुदळ आणि टोपली घेऊन आली.

बांध दुरुस्त करायचा तर आधी कुजकं सगळं काढून पक्क्या मातीपर्यंत जावं लागतं. धुरपानं भोकात हात घातला आणि कोंबलेला बोळा ओढला. तो घोंगडीचा तुकडा होता, काळा, पांढऱ्या काठाचा. असा काठ गावात एकाच घरी विणत. तिनं मागे वळून पाहिलं. धनगर शेळ्या हाकत लांब निघाला होता.

ती पुन्हा आत हात घालते तो दुसरा बोळा हाताला लागला. तेलकट फडकं. घाण्यावर तेली हात पुसतो, ते. त्याच्यामागे तिसरा : तांबड्या काठाची चिंधी, कोष्ट्याच्या मागावरची. चौथं निघालं ते गवतात गुंडाळलेलं खापर. त्याच्या काठावर अंगठ्यानं दाबलेली नक्षी होती, आणि तशी नक्षी गावचा कुंभारच काढायचा. पाचवा बोळा पाहून धुरपाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो देवाच्या शेल्याचा तुकडा होता. गुरवानं देवाचं वस्त्र फाडून भोकात कोंबलं होतं!

आता सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. या वाटेनं गेलेल्या प्रत्येकाला पाणी दिसलं होतं. प्रत्येकानं चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं होतं, अंगावरचं, हातातलं जे असेल ते आत कोंबलं होतं, आधीच्याचा बोळा आणखी आत ढकलला होता आणि पाहिलंच नाही असं म्हणत घर गाठलं होतं. बोळा कोंबून पाणी थांबत नाही. दिसायचं तेवढं थांबतं. आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

धुरपाला संताप आवरेना. आठ घरं! आठ घरांतली म्हातारी माणसं, तान्ही पोरं, दावणीची जनावरं! हे सगळं ज्याला माहीत होतं तो रोज तिच्या दारावरून गेला होता, "काय धुरपाक्का, जेवलीस का?" म्हणून विचारत.

सहाव्या बोळ्याला जरीची किनार होती. पागोट्याचा पदर. गावात जरीचं पागोटं एकट्या पाटलाचं.

"वा रे पाटील," ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्हीबी?"

आता तिला एक प्रकारचा आनंदही झाला, खोटं कशाला बोला! कारण रीतीचा अर्थ सरळ होता. ज्यानं आधी पाहिलं त्यानं निस्तरायचं. सगळ्यात आतला बोळा ज्याचा, त्याच्यावर हे काम. पाटलाच्या हाताखाली वीस गडी होते. पाटलावर आलं म्हणजे वीस दिवसांत बांध उभा राहिला असता.

पण बोटांना आत अजून काहीतरी लागत होतं. तिनं खांद्यापर्यंत हात घातला आणि ते ओढून काढलं.

ती बांबूच्या बेतांची गुंडी होती, घट्ट विणलेली. शेवटचा बेत दोनदा वळवून आत खोचलेला होता. अशी खोच सगळ्या मुलखात एकच माणूस घालायचा आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

धुरपा तिथंच मातीत बसली. तिला चार वर्षांमागची एक दुपार आठवली. सगुणाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरा बांबू घेऊन आला होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. "कुठं पडलात काय?" तिनं विचारलं होतं. "काय नाय," तो म्हणाला होता, "काय नाय." बोलला असता तर लग्न टाकून बांधावर राबावं लागलं असतं. म्हणून त्यानं आपल्या सगळ्यात चांगल्या विणीचा बोळा केला आणि गप्प बसला. वर्षभरात तो गेला, आणि हे कोणाला, अगदी तिलासुद्धा न सांगता गेला. तिला त्याच्यावर जितका राग आला तितका गावावरही आला नव्हता. आणि रडूही त्याच्यासाठीच आलं.

भोकातून आता मनगटाएवढी धार सुरू झाली होती. गुंडी धुरपाच्या हातात होती. तिनं ती त्या धारेत टाकली असती तर वाहून गेली असती, आणि मग सगळ्यात आतला बोळा पाटलाचा ठरला असता. कोणी पाहत नव्हतं. या गावात तर कोणीच कधी काही पाहत नव्हतं.

तिनं हात पुढे केलाही. पण तिला वाटलं, मी ही टाकली म्हणजे मी काय केलं? आणखी एक बोळाच कोंबला, दुसरं काय! मग तिनं गुंडी पदरात बांधली, भोकावर दगड आणि चिकणमाती थापून धार तात्पुरती थांबवली आणि बाकीचे सहा बोळे टोपलीत घालून चावडीकडे निघाली.

चावडीवर सगळे जमले. धुरपानं टोपलीतले बोळे काढून ओळीनं मांडले. तेली आपल्या पायांकडे बघत होता. कोष्टी छताकडे बघत होता. गुरवानं डोळे मिटून जपच सुरू केला.

"तळ्याचा बांध फुटायला आलाय," धुरपा म्हणाली. "हे त्याच्या भोकातनं निघालं. ज्याचं त्यानं ओळखावं."

मग कुंभार म्हणाला, "वाऱ्यानं उडून गेलं असंल."

"खापर? वाऱ्यानं उडालं, आणि हातभर आत जाऊन बसलं?"

"उंदरांचं काय सांगावं," तेली म्हणाला.

"उंदीर पाटलांचं पागोटं नेतात, देवाचा शेला नेतात, आणि नेऊन एकाच भोकात ठेवतात! मोठे शहाणे उंदीर आहेत आपल्या गावचे. असे उंदीर सहा दिसतात मला हितं बसलेले."

पाटलानं घसा खाकरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "धुरपे, तोंड सांभाळून बोल. रीत काय सांगते? ज्यानं आधी पाहिलं, त्याचं काम. बाकीच्यांचा संबंध नाही. मला एवढंच सांग, सगळ्यात आत कोणाचं होतं?"

धुरपानं पदराची गाठ सोडली आणि बांबूची गुंडी सगळ्यांसमोर ठेवली.

"हे. माझ्या मालकांच्या हातचं. पहिल्यांदा माझ्या घरानं पाहिलं आणि माझंच घर गप्प बसलं. मला त्याची लाज वाटते. आता ज्याला लाज वाटत असंल त्यानं आपला बोळा उचलावा आणि माझ्याबरोबर चलावं. एकटीनं तो बांध व्हायचा नाय."

तुम्हाला वाटेल, आता सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. कसलं पाणी! चावडीवर एक लांबलचक सुस्कारा उठला, सुटकेचा. पाटलानं पागोट्यानं कपाळ पुसलं. तेल्याच्या तोंडावर हसू आलं. कुंभारानं तर उठता उठता तिला शाबासकी दिली. "खरं बोललीस धुरपे. तुझ्यासारखी बाई गावात झाली नाय." असं म्हणून तो घरी गेला. खऱ्याचं कौतुक करून खऱ्याला एकटं टाकणं, यासारखा नीचपणा दुसरा नाही. आणि हा नीचपणा करताना माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटतं, हे त्याहून वाईट.

"मग ठरलं," पाटील म्हणाला. "घर तुझं, काम तुझं. आणि भिऊ नको. निस्तरणाऱ्याच्या कामात कोणी हात घालायचा नाही, अशी आपली रीतच आहे. तुला जसं जमेल तसं कर."

"जसं जमेल तसं?" धुरपानं विचारलं.

"जसं जमेल तसं."

"कोणी मधे येणार नाय?"

"या चावडीवर बसून सांगतो. कोणी येणार नाही."

धुरपानं सातही बोळे टोपलीत परत भरले आणि ती निघाली.

तीन दिवस ती एकटी राबली. तळ्याकाठची चिकणमाती टोपलीत भरायची, डोक्यावर घ्यायची, भोकापाशी ओतायची, पायांनी तुडवायची. सगुणा टोपली उचलायला आली, तर तिला तिनं ओरडून माघारी लावलं. खालच्या आळीतल्या सात घरी ती हात जोडून गेली. त्या घरांच्या तर डोक्यावरच पाणी होतं! पण तिथंही तेच. "अक्का, तू पाहिलंस ना? मग झालं." मरण दारात आलं तरी माणूस आधी ते कोणाच्या नावावर आहे हे बघतो.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तीन दिवसांची माती ओघळून खाली पडली होती. माथ्यावरची चीर आता बोटभर रुंद झाली होती. धुरपा त्या ढिगाशेजारी बसली आणि तिनं शांतपणे विचार केला. भरायला दोनशे हात पाहिजेत. माझ्याजवळ दोन आहेत. दोन हातांनी काय होतं?

मग ती उठली. खालच्या आळीत जाऊन तिनं सांगितलं, आज बांधाखालच्या ओढ्याच्या काठाला पोरं, जनावरं सोडू नका. सगुणाला तिनं देवळाच्या उंच पायरीवर नेऊन बसवलं. आणि परत येऊन तिनं भोकावरचा दगड काढला, कुदळ घेतली आणि भोक मोठं करायला लागली.

पुढचं काम पाण्यानंच केलं. धार मनगटाची मांडीएवढी झाली, मांडीची रांजणाएवढी झाली, आणि तळं बांधाच्या पोटातून बाहेर पडून ओढ्याला लागलं. उन्हाळ्याचं कमरेइतकं पाणी ते. ओढ्याच्या काठाबाहेर गेलं नाही. पण आवाज मोठा झाला. त्या आवाजानं अख्खं गाव धावत बांधावर आलं. पाहायला कोणाला सांगावं लागलं नाही.

"अगं ए बाई!" पाटील लांबूनच ओरडत आला. "काय करतीस? वेड लागलं का तुला?"

"निस्तरते," धुरपा म्हणाली.

"तळं रिकामं करतीस! माझा पानमळा याच पाण्यावर आहे! गावच्या विहिरी या तळ्यावर आहेत!"

"असतील. पण तळ्यात पाणीच नसलं तर बांध फुटून माझी लेक मरायची नाय. एकट्या बाईला एवढंच जमतं. जसं जमेल तसं कर म्हणालात ना?"

"बंद कर ते! अरे बघता काय, धरा तिला!"

दोन गडी पुढे सरकले. धुरपानं कुदळ आडवी धरली. तिचा आवाज पाण्याच्या आवाजावरून सगळ्यांना ऐकू गेला.

"खबरदार कोणी हात घातला तर! रीत आहे गावची. चावडीवर बसून पाटलांनी शब्द दिलाय. चार वर्षं रीत तुमच्या सोयीची होती, तवा ती देवाची होती. आज माझ्या सोयीची झाली तर मला वेड लागलं होय?"

गडी जागच्या जागी थांबले. ज्या रीतीआड पाटील लपला होता, तीच आता त्याच्या आडवी आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळ्यात चिखल आणि तडफडणारे मासे उरले. तिसऱ्या दिवशी विहिरींचा तळ दिसायला लागला. चौथ्या दिवसापासून बायका घागरी घेऊन दोन कोसांवरच्या नदीला जायला लागल्या. पाटलाच्या पानमळ्याची पानं आधी पिवळी पडली, मग वेल माना टाकायला लागले. चावडीवर रोज धुरपाला शिव्या पडत होत्या. चार वर्षं बांध पोखरला जात होता तेव्हा ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्यांची तोंडं आता थकत नव्हती.

आठव्या दिवशी धुरपा बांधावर एकटीच माती तुडवत होती. तळं कोरडं होतं, त्यामुळे आता माती ओघळत नव्हती. पण एकटीच्या हातानं हे काम दोन वर्षांतही संपलं नसतं. तेवढ्यात मागून पावलं वाजली. कुंभाराची बायको आली होती. तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती आणि पाय नदीच्या वाटेनं फुटले होते.

"धुरपाक्का," ती म्हणाली, "आमच्या धन्यानं खापर कोंबलं ते मला त्याच दिवशी माहीत होतं. त्यानं सांगितलं, मी म्हटलं, गप्प बसा. माझंबी चुकलं. माती कुठनं आणू?"

धुरपानं तिला टोपली दिली. जरा वेळानं तेलीण आली. मग कोष्टीण, मग खालच्या आळीतल्या सगळ्या. बायका आल्यावर घरात पाणी कोण आणणार, भाकरी कोण थापणार? दोन दिवसांत पुरुषही आले. कोणाला लाज वाटली म्हणून आला, कोणाला तहान लागली म्हणून. धुरपानं कोणाला कारण विचारलं नाही. सगळ्यात शेवटी पाटील आला, वीस गडी घेऊन. गड्यांना कामाला लावून तो सावलीत बसायला निघाला, तेव्हा धुरपानं त्याच्यापुढे टोपली धरली.

"पाटील, पागोटं काढून चुंबळ करा. त्याचा एक पदर असाही बांधात गेलेला आहे."

पाटलानं तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्या गावाकडे पाहिलं. सगळं गावही त्याच्याकडे पाहत होतं. मान खाली घातलेलं असं कोणीच नव्हतं. त्यानं पागोटं काढलं.

बावीस दिवसांत बांध उभा राहिला. नवा गाभा भरला, दगडांची पाठ लावली, माथा तुडवून पक्का केला. आषाढात तळं भरलं. भरल्या तळ्याखाली खालच्या आळीत सगुणा बाळंतीण झाली, आणि धुरपानं नातीसाठी स्वतःच्या हातानं पाळणा विणला. पाळण्याचा शेवटचा बेत तिनं दोनदा वळवून आत खोचला.

पानमळा मात्र वाचला नाही. जुने वेल सगळे जळाले. पाटलाला नवे लावावे लागले आणि त्यांची पानं खुडायला दोन वर्षं थांबावं लागलं. जे काम चार वर्षांपूर्वी दोन माणसांचं आणि आठ दिवसांचं होतं, त्याला सगळं गाव, बावीस दिवस, एक तळंभर पाणी आणि एक पानमळा लागला.

बांध पुरा झाला त्या दिवशी पाटील ते सातही बोळे पुरून टाका म्हणाला. धुरपानं ऐकलं नाही. तिनं ते एका दोरीत ओवले आणि चावडीच्या आढ्याला टांगले, घोंगडीपासून गुंडीपर्यंत, नवऱ्याचा बोळा सगळ्यात खाली. रीतही बदलली. 'जो पाहील, तो सांगील. आणि सांगितल्यावर सगळे निस्तरतील,' असं ठरलं.

त्यानंतर गाव एकदम सुधारलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. माणूस आहे तो. अजूनही कोणी खड्ड्याला वळसा घालून जायचा, अजूनही कोणाला शेळीच्या तोंडातलं गवत दिसायचं नाही. पण असा कोणी चावडीवर येऊन बसला, की एखादी म्हातारी नुसतं बोट वर करायची. मग तो आढ्याकडे पाहायचा, उठायचा आणि कुदळ शोधायला जायचा.

बोध : संकटाकडे डोळेझाक करणारा संकट टाळत नाही, तो ते वाढवतो आणि खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर ठेवून जातो.